वजनकाटा, माती आणि मॅट : खाशाबा जाधव यांची कारकीर्द व हलक्या वजनाच्या मल्लाचा प्रश्न

सारांश

हेलसिंकी येथील १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव यांनी कुस्तीच्या ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याच गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी याने जिंकले. प्रस्तुत लेखात खाशाबांच्या कारकीर्दीचा आढावा घेऊन हलक्या वजनाच्या मल्लाला आपल्या कुस्तीपरंपरेत कोणते स्थान आहे, हे तपासले आहे. जपानमधील हलक्या गटांच्या लढवय्यांची जडणघडण तुलनेसाठी घेतली असून अखेरीस या संदर्भात महाविद्यालयांच्या जबाबदारीचा विचार केला आहे.

प्रस्तावना

खाशाबा जाधव यांच्याविषयी महाराष्ट्रात आदर भरपूर आहे; त्यांच्या कुस्तीविषयी माहिती मात्र त्या मानाने कमी आहे. त्यांचे नाव निघाले की गहाण पडलेले घर, बैलगाड्यांची मिरवणूक आणि पुढे वाट्याला आलेली उपेक्षा या तीन गोष्टी सांगितल्या जातात. त्या खऱ्या आहेत आणि सांगायलाच हव्यात. परंतु त्यांच्या गर्दीत एक मूलभूत प्रश्न मागे पडतो. ज्या प्रदेशात पैलवान म्हटले की सहा फूट उंचीचा, शंभर किलोंच्या पुढचा देह डोळ्यांसमोर येतो, त्या प्रदेशाने ऑलिंपिकला दिलेला कुस्तीतील एकमेव पदकविजेता अवघ्या ५७ किलो वजनाचा का असावा?

हा योगायोग नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वजनगट ही वरवर तांत्रिक वाटणारी व्यवस्था मल्लाची संपूर्ण कारकीर्द घडवते किंवा बिघडवते. जपानने ही गोष्ट लवकर ओळखली. आपल्याकडे ती खाशाबांच्या पदकानंतरही पुरेशी ओळखली गेली नाही. यास्तव खाशाबांच्या चरित्राकडे केवळ त्यागाची कथा म्हणून न पाहता क्रीडाव्यवस्थेचा एक नमुना म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

१. मैदानातील जोड आणि काट्यावरचे वजन

महाराष्ट्रातील कुस्ती ही मुख्यतः जत्रेतील मैदानांवर वाढली. गावच्या देवाच्या यात्रेला कुस्त्यांचा फड भरतो. सुरुवातीला लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या किंवा नारळावरच्या कुस्त्या होतात. मग चढत्या इनामाच्या कुस्त्या लागतात आणि सायंकाळी सर्वांत मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती होते. या फडात वजनकाटा नसतो. पंच आणि वस्ताद मल्लांना शेजारी उभे करून नजरेने ‘जोड’ ठरवतात. अंगकाठी, वय, मागील कुस्त्यांचा लौकिक आणि वस्तादाचा शब्द यांवर ती जोड जमते. ही पद्धत अडाणी नव्हे. अनुभवी पंचाची नजर बहुधा चुकत नाही. मात्र तिच्यात एक उतरंड गृहीत आहे. दिवस जसजसा चढत जातो तसतसे मल्लांचे वजन वाढत जाते, इनाम वाढते आणि प्रेक्षकांची उत्कंठाही वाढते. हलका मल्ल दुपारी लढतो, तर वजनदार मल्ल मावळतीला. कीर्ती अर्थातच मावळतीला लढणाऱ्याच्या वाट्याला येते.

छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ च्या सुमारास खासबाग मैदान उभे राहिले. तेथील मल्लविद्येने अवघ्या देशात नाव मिळवले. पुण्यातही चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम अशा तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या मल्ल घडवले. पुढे महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या वतीने १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब दिला जाऊ लागला आणि दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे यांनी व १९६० मध्ये गणपतराव आंदळकर यांनी ‘हिंद केसरी’ पटकावून महाराष्ट्राची मान उंचावली. या किताबांची गदा वजनदार मल्लाच्याच खांद्यावर येते, हे येथे लक्षात घ्यावयाचे आहे. हलक्या गटांतही स्पर्धा होतात, पदकेही दिली जातात. पण मिरवणूक गदेची निघते.

आधुनिक ऑलिंपिक कुस्तीची मांडणी याच्या अगदी उलट आहे. हेलसिंकीत फ्रीस्टाइल कुस्तीचे आठ गट होते : ५२, ५७, ६२, ६७, ७३, ७९ व ८७ किलोपर्यंतचे सात आणि त्यापुढील वजनाचा एक. आठही गटांतील सुवर्णपदक सारख्याच मोलाचे. ५२ किलोचा विजेता आणि शंभर किलोचा विजेता एकाच उंचीच्या व्यासपीठावर उभे राहतात. मैदानाच्या उतरंडीत खाली राहिलेल्या मल्लाला काट्याने प्रथमच समान पातळीवर आणले. खाशाबांची कारकीर्द या बदलाच्या नेमक्या सांध्यावर उभी आहे.

२. गोळेश्वर ते लंडन

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते आणि पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्यामुळे जोर, बैठका आणि लढती यांची गोडी लहानपणीच लागली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले.

त्यांची अंगकाठी लहान होती. मैदानी कुस्तीच्या हिशेबात त्यांना शेवटच्या कुस्तीचे स्वप्न पाहता आले नसते. परंतु लहान चणीच्या मल्लाजवळ चपळाई असते, डाव बदलण्याची गती असते आणि प्रतिस्पर्ध्याचे वजन त्याच्यावरच उलटवण्याची युक्ती असते. ‘ढाक’ हा खाशाबांचा हुकमी डाव म्हणून सांगितला जातो. प्रतिस्पर्ध्याची मान व हात पकडीत घेऊन, कमरेच्या हिसक्याने त्याला वरून पलीकडे टाकावयाचे, असे या डावाचे स्वरूप. यात ताकदीपेक्षा क्षणाची निवड महत्त्वाची. क्षण चुकला तर डाव टाकणाराच खाली जातो.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली, ती ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाला साहाय्य केले. तोपर्यंत त्यांचा सराव प्रामुख्याने मातीत झाला होता आणि लंडनमध्ये लढावयाचे होते मॅटवर. हा फरक केवळ पृष्ठभागाचा नाही. तालमीच्या हौदातील माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. पाय तिच्यात रुततो आणि प्रत्येक हालचालीला माती किंचित विरोध करते. मॅटवर पाय मोकळा सरकतो, त्यामुळे लढतीचा वेग वाढतो. शिवाय मातीत प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवून त्याला चीत करणे हेच ध्येय असते. त्यासाठी मल्ल वाट पाहू शकतो. मॅटवर मात्र वेळ ठरलेला असतो आणि चीत न झालेल्या कुस्तीचा निकाल पंच देतात. म्हणजे मॅटवरील मल्लाला प्रतिस्पर्ध्याबरोबरच घड्याळाशीही लढावे लागते.

लंडनमध्ये माजी अमेरिकन विजेते रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन खाशाबांना लाभले. ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना त्यांनी हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांना हार पत्करावी लागली. अखेर ते सहाव्या क्रमांकावर राहिले. मॅटचा पुरेसा सराव नसलेल्या, बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जगात सहावे यावे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. तरीही स्वतः खाशाबांनी ती अपुरी मानली. पुढील चार वर्षे त्यांनी सराव वाढवला आणि वजनगटही एक पायरी वर, म्हणजे ५७ किलोंच्या बँटमवेट गटात नेला.

३. सात हजार रुपये

हेलसिंकीचा मार्ग सरळ नव्हता. निवडीसाठी महत्त्वाच्या असलेल्या मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर एका गुणाने अन्याय झाला, अशी खाशाबांची तक्रार होती. ती त्यांनी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह यांच्यापर्यंत नेली. पुन्हा लढत घेण्यात आली, ती खाशाबांनी जिंकली आणि त्यांचे नाव संघात आले.

त्यानंतर उभा राहिला तो पैशाचा प्रश्न. निवड झालेल्या खेळाडूने प्रवासाचा व निवासाचा खर्च स्वतः उभारावा, अशी त्या वेळची रीत. गोळेश्वर व परिसरातील लोकांनी वर्गणी काढली, व्यापाऱ्यांनी हात दिला, खाशाबा आणि त्यांचे आप्त दारोदार फिरले. तरीही रक्कम पुरेना. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे करून दिले.

महाविद्यालयीन अध्यापकांनी या प्रसंगापाशी थोडे थांबावे, असे वाटते. प्राचार्यांच्या औदार्याचे गुणगान आपण सहज करतो. परंतु एखाद्या संस्थेच्या प्रमुखाला विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चासाठी स्वतःचे छप्पर गहाण टाकावे लागते, याचा अर्थ ज्या जागी व्यवस्था असावयास हवी होती तेथे ती नव्हती आणि ती उणीव एका व्यक्तीने भरून काढली, असा होतो. व्यक्तीचा मोठेपणा आणि व्यवस्थेचे दारिद्र्य ही एकाच प्रसंगाची दोन अंगे आहेत. पहिल्याचा गौरव करताना दुसऱ्याचा विसर पडता कामा नये.

४. हेलसिंकी : जुलै १९५२

त्या वेळच्या ऑलिंपिक कुस्तीत बाद फेरीची साधी पद्धत नव्हती. मल्लाच्या खात्यावर दोषगुण जमा होत असत. प्रतिस्पर्ध्याला चीत केले तर एकही दोषगुण नाही. पंचांच्या निर्णयाने जिंकले तरी एक दोषगुण. पराभव झाला तर त्याहून अधिक. ठरावीक मर्यादा गाठली की मल्ल स्पर्धेबाहेर. यामुळे पराभव झाला तरी सर्व काही संपत नसे. तसेच विजय मिळाला तरी तो निर्भेळ असेलच असे नाही. प्रत्येक कुस्ती चीतपट करण्याचा प्रयत्न करणाऱ्या मल्लाला ही पद्धत अनुकूल होती आणि मातीत वाढलेल्या खाशाबांची वृत्ती नेमकी तीच होती.

कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्टो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मित्झ या तिघांना खाशाबांनी हरवले. त्यानंतर त्यांच्यापुढे जपानचा शोहाची इशी आला. ही लढत दीर्घ व दमछाक करणारी झाली आणि निर्णय इशीच्या बाजूने गेला. यापुढील हकीकत खाशाबांच्या चरित्रात वारंवार नोंदवली गेली आहे. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम असताना त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले. नियमावर बोट ठेवण्यासाठी एकही भारतीय अधिकारी त्या वेळी आखाड्यापाशी हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य असा अंतिम क्रम लागला.

मध्ये विश्रांती मिळाली असती तर निकाल बदलला असता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. मामेदबेयोव समर्थ मल्ल होता. परंतु मल्लाचे काम मॅटवर लढण्याचे असते. नियमपुस्तिका हातात घेऊन पंचांपुढे उभे राहण्याचे काम दुसऱ्या कुणाचे तरी असते आणि त्या दिवशी ते कुणीच केले नाही. गावाने पैसे दिले, प्राचार्यांनी घर दिले, मल्लाने घाम दिला. मॅटच्या कडेला उभा राहणारा एक माणूस मात्र व्यवस्थेला देता आला नाही.

याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर परिसरातील केशव माणगावे हे ६२ किलोंच्या फेदरवेट गटात लढले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. एकाच ऑलिंपिकमध्ये, लगतच्या दोन हलक्या गटांत, एकाच परिसरातील दोन मल्ल पदकाच्या कक्षेत होते. या वजनात आपल्याकडे गुणवत्ता विपुल आहे, हे १९५२ सालीच सिद्ध झाले होते.

५. पदकानंतर

खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी काही मिनिटांचा रस्ता कापण्यास कित्येक तास लागले. त्याच ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक मिळवले होते. राष्ट्रीय पातळीवरील कौतुक साहजिकच तिकडे वळले. खाशाबांचा गौरव त्यांच्या मुलखाने केला.

या मिरवणुकीहून बोलकी अशी एक गोष्ट पुढे घडली. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे आयोजन केले, स्वतः त्यांत भाग घेतला आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. ज्या मैदानी व्यवस्थेत हलक्या मल्लाला शेवटच्या कुस्तीचा मान नव्हता, तेथेच ऑलिंपिक पदकाच्या बळावर त्यांनी गर्दी खेचली आणि गुरुजनांचे ऋण फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढे पदोन्नतीसाठी त्यांना दीर्घ काळ थांबावे लागले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर ते साहाय्यक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या वेळी ज्योतधावनात त्यांना सहभागी करून घेण्यात आले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. हयातीत पद्म पुरस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही. दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन महाराष्ट्र शासनाने राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. हे सारे योग्यच झाले. मात्र ते पाहण्यास खाशाबा नव्हते.

६. जपानची बाजू

ज्या जपानी मल्लाने खाशाबांना हरवले, त्याची कथाही समजून घेण्यासारखी आहे. शोहाची इशी हा मुळात ज्यूदोचा खेळाडू. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर व्यापलेल्या जपानमध्ये ज्यूदोवर बंदी आली तेव्हा तो कुस्तीकडे वळला. हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्याचे होते. म्हणजे ५७ किलोंच्या त्या लढतीत दोन देशी मल्लविद्या समोरासमोर होत्या : एक तालमीच्या मातीतून मॅटवर आलेली आणि दुसरी ज्यूदोच्या ताताम्यांवरून मॅटवर आलेली.

फरक होता तो पाठीमागच्या रचनेत. जपानमधील ऑलिंपिक पद्धतीच्या कुस्तीचा पाया इचिरो हात्ता या ज्यूदोपटूने १९३१ मध्ये वासेदा विद्यापीठात कुस्तीमंडळ स्थापून घातला. तेव्हापासून तेथील कुस्तीची मुळे विद्यापीठांत आहेत. जपानी माणसाची सरासरी अंगकाठी लहान. त्यामुळे जड गटांत युरोपशी झुंजण्याऐवजी हलक्या गटांत आपली शक्ती एकवटावी, ही दृष्टी त्यांच्या कामगिरीत दिसते. उणीव मानली जाणारी गोष्ट त्यांनी काट्यावर ठेवली आणि तिचे सामर्थ्य केले.

याच विद्यापीठीय कुस्तीतून पुढे तेथील मिश्र युद्धकलेला, म्हणजे कुस्ती, ज्यूदो, मुष्टियुद्ध इत्यादींचे डाव एकत्र वापरण्याची मुभा असलेल्या व्यावसायिक लढतींना, लढवय्ये मिळाले. नोरिफुमी यामामोतो हे त्याचे ठळक उदाहरण. वडील इकुएई हे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील मल्ल. नोरिफुमी स्वतः यामानाशी गाकुइन विद्यापीठाचा मल्ल. फेदरवेट आणि त्याच्या आसपासच्या हलक्या गटांत लढणारा हा लहान चणीचा लढवय्या २००० नंतरच्या दशकात जपानमध्ये घराघरांत पोहोचला. २००७ मध्ये व्यावसायिक लढतींत नाव असतानाही तो ऑलिंपिकच्या ओढीने पुन्हा राष्ट्रीय कुस्तीस्पर्धेत उतरला. तेथे त्याला यश आले नाही. २०१८ मध्ये वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने त्याचे निधन झाले. हलक्या वजनाचा लढवय्या शेवटच्या कुस्तीचा नायक होऊ शकतो, हे त्याने जपानी प्रेक्षकांना दाखवून दिले.

आपल्याकडेही या वाटेने जाण्याचा प्रयत्न झाला आहे. कुस्तीचा पाया असलेला महाराष्ट्राचा भरत खंडारे हा २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघाय येथे यूएफसी या अमेरिकन संस्थेच्या स्पर्धेत फेदरवेट गटात, म्हणजे सुमारे ६६ किलो वजनात, उतरला. चीनच्या सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गळ्याच्या पकडीने शरण आणले. निकाल निराशाजनक असला तरी त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा पट काढण्यासाठी खाली झुकताना मान पुढे येते. कुस्तीच्या नियमांत गळा आवळण्यास मनाई असल्यामुळे ती मान सुरक्षित असते; मिश्र युद्धकलेत तीच प्रतिस्पर्ध्याच्या हाती सापडते. लंडनमध्ये खाशाबांना माती आणि मॅट यांतील जे अंतर कापावे लागले, त्याच जातीचे हे अंतर आहे. ते एकट्याच्या हिमतीवर कापता येत नाही. त्यासाठी मार्गदर्शक, सरावाचे जोडीदार आणि वेळ लागतो.

७. आठ पदकांची साक्ष

खाशाबांनंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ४४ वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेस याने टेनिसमध्ये कांस्य मिळवले. कुस्तीतील पुढचे पदक तर ५६ वर्षांनी आले. पॅरिसपर्यंत भारताला ऑलिंपिक कुस्तीत एकूण आठ पदके मिळाली. त्यांचे वजनगट पाहण्यासारखे आहेत : खाशाबा जाधव ५७ किलो (१९५२), सुशील कुमार ६६ किलो (२००८ व २०१२), योगेश्वर दत्त ६० किलो (२०१२), साक्षी मलिक ५८ किलो (२०१६), रवी दहिया ५७ किलो व बजरंग पुनिया ६५ किलो (टोकियो, २०२१) आणि अमन सेहरावत ५७ किलो (२०२४). आठांपैकी एकही पदक ६६ किलोंच्या वर नाही आणि आठांपैकी तीन खाशाबांच्याच ५७ किलोंच्या गटात आहेत.

अमन सेहरावतच्या पदकात तर इतिहासाची आवृत्तीच दिसते. पॅरिसमध्ये उपांत्य फेरीत त्याला जपानच्या रेई हिगुची याने हरवले. हिगुचीने सुवर्ण जिंकले आणि अमनला कांस्य मिळाले. बहात्तर वर्षांनंतर, त्याच ५७ किलोंच्या गटात, सुवर्ण जपानला आणि कांस्य भारताला! हा हिगुची २०२१ मध्ये ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत अवघ्या ५० ग्रॅम जादा वजनामुळे अपात्र ठरला होता. पॅरिसमध्येच विनेश फोगट ही अंतिम फेरीच्या दिवशी १०० ग्रॅम जादा भरल्यामुळे अपात्र ठरली, हे सर्वांच्या स्मरणात आहे. हलक्या मल्लाला समान पातळीवर आणणारा काटा निष्ठुरही असतो. वजन घटवणे, पाणी तोडणे, पुन्हा शक्ती भरून काढणे हे आज शास्त्राचे विषय आहेत आणि त्यांसाठी आहारतज्ज्ञ व वैद्य यांची साथ लागते.

महाराष्ट्रात या गटांची गुणवत्ता आटलेली नाही. बीड जिल्ह्यातून आलेला आणि पुण्याच्या तालमीत घडलेला राहुल आवारे याने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले. पुढे तो राज्याच्या पोलीस दलात उपअधीक्षक झाला. उपनिरीक्षक म्हणून सुरुवात करून बढतीसाठी ताटकळलेल्या खाशाबांशी तुलना केली तर व्यवस्थेने एक पाऊल निश्चित पुढे टाकले आहे. तथापि ऑलिंपिकच्या कुस्तीत खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या मल्लाच्या गळ्यात पदक पडलेले नाही. वैयक्तिक पदकाची राज्याची प्रतीक्षा संपवली ती नेमबाज स्वप्नील कुसाळे याने, १ ऑगस्ट २०२४ रोजी. तोही कोल्हापूर जिल्ह्याचाच.

८. महाविद्यालयाचे उत्तरदायित्व

खाशाबा विद्यार्थी असताना लंडनला गेले. हेलसिंकीचा मार्ग त्यांच्यासाठी त्यांच्या प्राचार्यांनी मोकळा केला. त्यांच्या कारकीर्दीच्या निर्णायक टप्प्यावर उभी राहिलेली संस्था महाविद्यालय ही होती. म्हणून हा विषय केवळ शारीरिक शिक्षण विभागाचा नाही.

आज खेळाडू विद्यार्थ्याला घर गहाण ठेवणाऱ्या प्राचार्यांची गरज सहसा पडत नाही. त्याच्या अडचणी लहान व रोजच्या असतात. महाविद्यालयाच्या क्रीडा समितीवर काम करताना प्रस्तुत लेखकास असा एक विद्यार्थी भेटला. पहाटे तालमीत तीन तास घाम गाळून तो पहिल्या तासाला झोपेशी झगडत बसे. स्पर्धेच्या दिवशीच अंतर्गत चाचणी आली. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि निर्णय आला तो स्पर्धा संपल्यानंतर. वजन ५७ किलोंच्या आत ठेवण्यासाठी तो काय खातो, हे आमच्यापैकी कुणी त्याला विचारलेही नव्हते. त्याने पुढल्या वर्षी कुस्ती सोडली. यात कुणी दुष्टपणा केला नाही. प्रत्येकाने आपापला नियम पाळला. हेलसिंकीत मॅटच्या कडेला कुणी नव्हते, तसेच आम्हीही तेथे नव्हतो.

या दृष्टीने काही गोष्टी फारशा खर्चाविना करता येण्यासारख्या आहेत. खेळाडूची हजेरी व चाचणी यांविषयीचा निर्णय सत्राच्या आरंभीच लेखी स्वरूपात व्हावा. प्रत्येक खेळाडूमागे एक अध्यापक पालक म्हणून नेमावा आणि त्याने स्पर्धेचे नियम वाचलेले असावेत. आहारशास्त्र, मानसशास्त्र व शरीरविज्ञान हे विषय जेथे शिकवले जातात, तेथील अध्यापकांनी आपले ज्ञान आपल्याच आवारातील मल्लापर्यंत पोहोचवावे. गौरवसमारंभात वजनगटांचा भेद न करता सर्व पदके समान मानावीत.

निष्कर्ष

१. मैदानी परंपरेतील जोड पद्धतीत कीर्ती व इनाम वजनाबरोबर वाढत जातात. ऑलिंपिकच्या वजनगटांनी ही उतरंड मोडली आणि खाशाबांसारख्या मल्लाला जागतिक व्यासपीठ मिळाले.

२. खाशाबांचे पदक मातीतील डाव, मॅटचा सराव आणि महाविद्यालयाचा आधार या तिहींच्या संयोगातून आले. जेथे संस्थात्मक आधार तुटला, तेथे त्यांचे नुकसान झाले.

३. जपानने हलक्या गटांतील गुणवत्ता विद्यापीठांच्या द्वारे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. आपल्याकडे ती व्यक्तींच्या त्यागावर अवलंबून राहिली.

४. भारताची ऑलिंपिक कुस्तीतील आठही पदके ६६ किलो व त्याखालील गटांत आहेत. महाराष्ट्रातील किताबी कुस्तीने या वस्तुस्थितीची दखल घेणे आवश्यक आहे.

गदा पेलणाऱ्या मल्लाचा मान कमी व्हावा, असे कुणीही म्हणणार नाही. तो आपल्या परंपरेचा अभिमान आहे. परंतु दुपारच्या उन्हात, फड अर्धा रिकामा असताना लढणाऱ्या पोरांकडेही लक्ष असावे. खाशाबा त्यांच्यातूनच आले होते. तो पुढचा मुलगा आपल्या वर्गातील मागच्या बाकावर पेंगत बसलेला असेल, तर त्याला उठवून बाहेर काढण्यापूर्वी तो पहाटे कोठे होता, एवढे तरी आपण विचारावे.